डिशवॉशर अडला? आधी गच्चीवर चढा

आमच्याकडं डिशवॉशर येऊन चार वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत मेकॅनिक पाच वेळा घरी येऊन गेला. त्यातल्या चार वेळा मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. एकदा टाकीत पाणी कमी होतं, एकदा जाळीत गाळ, एकदा पंपात चिंचोका. चौथ्या वेळी तर सिंकखालचा नळच बंद होता. आदल्या दिवशी आलेल्या प्लंबरनं तो फिरवला होता आणि घरात कुणी वाकून बघितलंच नाही. व्हिजिट चार्ज मात्र दर वेळी मोजला. खरा बिघाड निघाला तो पाचव्या फेरीला.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं ज्यांच्या घरी नुकतंच मशीन आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मशीनसोबतची पुस्तिका धरून चालते की नळाला चोवीस तास दाबानं पाणी आहे. बेळगावच्या काही भागांत तसं आहेही, नशीबवान आहेत ते. बाकीच्यांचं पाणी नळातून संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, संपातून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून खाली स्वयंपाकघरात येतं. उन्हाळ्यात त्यात बोअरचं किंवा टँकरचंही मिसळतं. म्हणून आपल्याकडं तपासणी बाहेरून आत करायची. आधी पाणी, मग सांडपाणी, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू ड्रायव्हर.

१. मशीनची ओळख करून घ्या

दार उघडा आणि दाराच्या कडेवर बघा. तिथं एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर मॉडेल नंबर, सीरियल नंबर, वॅट आणि बहुतेक वेळा पाण्याचा किमान-कमाल दाब छापलेला असतो. तिचा आजच फोटो काढून ठेवा. सुटा भाग दाराच्या रंगावरून किंवा 'बारा सेटिंगचं (बारा माणसांच्या भांड्यांचं) आहे' एवढ्यावर मिळत नाही, पूर्ण मॉडेल नंबरावर मिळतो. एकाच कंपनीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या मशीनचे पंप वेगळे असू शकतात.

मग पाण्याच्या नळीचं नळाकडचं टोक बघा. तिथं प्लॅस्टिकचा जाडसर डबा असेल तर ती गळती-रोधक नळी. त्या डब्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. ही नळी कापायची नाही आणि डबा पाण्यात बुडवायचा नाही. आमच्या प्लंबरनं ती 'जास्तीची लांब आहे' म्हणून करवत काढली होती. मी हात धरला म्हणून वाचली.

२. कागद आणि हत्यारं

कागदांत बिल, वॉरंटी कार्ड, जोडणी करणाऱ्यानं दिलेली पावती आणि त्या पट्टीचा फोटो. वॉरंटी चालू असेल तर या लेखातलं फिल्टर, जाळी, नळी, पंपाचं झाकण एवढंच करा. बाजूचा पत्रा उघडू नका.

एक सापळा सीमाभागातल्या लोकांसाठीच आहे. मशीन कोल्हापुरात घेतलं, बिलावर बहिणीचा तिकडचा पत्ता घातला आणि मशीन बसलं खानापुरात. तक्रार नोंदवली की ती बिलावरच्या पिनकोडप्रमाणं पलीकडं जाते आणि तिथला माणूस 'हा आमचा एरिया नाही' म्हणून बंद करून टाकतो. आमच्या नात्यात एकांचे यात तीन आठवडे गेले. मशीन जिथं बसलंय तिथला, म्हणजे ५९ नं सुरू होणारा पिनकोड पहिल्याच दिवशी फोन करून नोंदवून घ्या.

हत्यारं: टॉर्च, पक्कड, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, चांदणी तोंडाचे टी-१५ आणि टी-२० बिट, जुना टूथब्रश, स्पंज, बादली, दोन जुने टॉवेल, रबरी हातमोजे आणि एक साधा मल्टिमीटर. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर आणू नका, त्याशिवायही बरंच जमतं.

आणि हे आधी करायचं: प्लग काढा, नळ बंद करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर उभं राहून दोन हजार वॅटच्या यंत्रात हात घालणार आहात.

३. मशीन कानानं ऐका

मशीन सुरू करून शेजारी स्टूल टाकून बसा. आधी काही सेकंद घरघर येते, ते उरलेलं पाणी बाहेर फेकणं. मग बारीक फिस्स, ते पाणी भरणं. मग आत पाऊस पडल्यासारखा सपसप आवाज, तो फवारा. मध्येच हीटर लागतो, त्याचा आवाज नसतो. शेवटी पुन्हा घरघर. एका पूर्ण धुण्याला साधारण दहा लिटर पाणी लागतं आणि तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा फिरवतो. आवाज कुठं तुटला ते कळलं की पुढचं कुठलं कलम वाचायचं तेही कळलं.

पडद्यावरच्या खुणाही हेच सांगतात. बॉश आणि सीमेन्सच्या मशीनवर ई-१५ म्हणजे तळाच्या पत्र्यात पाणी साचलंय, ई-१८ म्हणजे पाणी येत नाही, ई-२४ आणि ई-२५ म्हणजे पाणी बाहेर जात नाही. एलजीवर आयई म्हणजे येणाऱ्या पाण्याची तक्रार आणि ओई म्हणजे जाणाऱ्या. बाकीच्यांच्या खुणा त्यांच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर असतात. खूण दिसली म्हणजे तो भाग जळाला, असं मात्र नसतं. पाणी आलं नाही एवढंच मशीनला कळतं. का आलं नाही, ते त्याला ठाऊक नसतं.

४. पाणी येत नाही

आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच. आणि जागा बहुतेक वेळा गच्चीवर.

बऱ्याच मशीनना किमान अर्धा बार दाब लागतो, काहींना थोडा कमी चालतो. तुमचा आकडा पट्टीवर किंवा पुस्तिकेत आहे. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे अर्ध्या बारसाठी टाकीतली पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा पाच मीटर वर हवी. आता आपलं घर मोजा. खाली स्वयंपाकघर, वर एकच स्लॅब, स्लॅबवर हातभर विटांचा कट्टा आणि त्यावर टाकी. टाकी काठोकाठ भरली तरी चार मीटर होतात की नाही शंका. दुमजली घरात खाली स्वयंपाकघर असेल तर हा प्रश्न येत नाही. वरच्या मजल्यावर असेल तर हमखास येतो.

त्यातच सकाळी टाकी भरलेली असते तेव्हा मशीन चालतं आणि रात्री जेवणं होईपर्यंत पातळी मीटरभर उतरली की अडतं. 'सकाळी चालतंय, रात्री नाही, भूत आहे काय की ह्यात,' असं आमची आई म्हणायची. भूत टाकीत होतं.

तपासायला बादली लागते. मशीनची नळी नळावरून सोडवा, बादली धरा, नळ पूर्ण उघडा आणि घड्याळ लावा. मिनिटाला आठ-दहा लिटर पडलं तर पाणी ठीक आहे. तीन-चारच पडलं तर मशीनला दोष देऊ नका. टाकीचा कट्टा उंच करा, किंवा मशीनसाठी टाकीपासून वेगळी, कमी वळणांची लाइन घ्या, किंवा लहान प्रेशर पंप बसवा. मी आधी पंप घेतला. कट्टा वाढवला असता तर वीजही वाचली असती आणि आंघोळीच्या शॉवरलाही जोर आला असता.

बादली नीट भरली, तरी मशीन अडतंय? मग जाळी. नळी जिथं नळाला आणि मशीनला जोडते तिथं, वॉशरच्या आत, बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. पक्कडीनं हलकी ओढून काढा आणि टूथब्रशनं धुवा. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की तळाचा लाल गाळ थेट इथं येऊन बसतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हाही तसंच. आमची जाळी मी जून आणि नोव्हेंबरात काढतो, टाकी धुवायच्याच दिवशी.

जाळी स्वच्छ, दाब ठीक, आणि फिस्स आवाजच नाही, तर पाणी आत सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हची कॉइल गेली असू शकते. ते काम मेकॅनिकचं. पण तोवर तुम्ही त्याच्या तीन फेऱ्या वाचवल्यात.

५. पाणी जात नाही

मशीनच्या तळाशी काळपट पाणी साचलंय आणि वास येतोय. घाबरू नका, हे घरी होतं.

आधी पेल्यानं आणि स्पंजनं पाणी उपसून काढा. तळातला गोल फिल्टर डावीकडं फिरवून उचला. त्याखाली खड्डा दिसेल. हातमोजे घाला, कारण फुटक्या काचेचा तुकडा इथंच येऊन बसतो. खड्ड्याच्या एका बाजूला प्लॅस्टिकचं लहान झाकण असतं. काही मशीनमध्ये ते चमच्याच्या दांड्यानं उचकटून निघतं, काहींत स्क्रू असतो. झाकणाआड पंपाचं छोटं पंख्यासारखं चाक आहे. ते बोटानं फिरवून बघा.

चाक सरळ न फिरता अडखळत, टक-टक करत फिरेल. ते आतल्या चुंबकामुळं आणि तसंच असायला हवं. मी पहिल्यांदा ते बघून पंप खराब समजलो आणि नवा मागवायला निघालो होतो. अजिबात फिरत नसेल तर मात्र काहीतरी अडकलंय. आमच्याकडं आजवर निघालेला ऐवज असा: दोन चिंचोके, मटणाच्या हाडाची कपची, पाणीपुरीच्या वेळची टूथपिक आणि लोणच्याच्या बरणीवरच्या लेबलाचा लगदा. बरणी लेबलासकट मशीनमध्ये घालू नका.

झाकण बसवताना कट्‌ आवाज येईपर्यंत दाबा. ई-२५ पुन्हा पुन्हा येण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे नीट न बसलेलं झाकण. फिल्टरही शेवटपर्यंत फिरवून बसवा. तो सैल राहिला की मोहरी-जिरं थेट पंपात.

आता सांडपाण्याच्या नळीकडं या. मशीन मागं सरकवताना ती चेपली जाते. पंधरवड्यापूर्वी फरशी पुसायला मशीन ओढलं होतं का, आठवा. बसकी चाळ, जुनं घर किंवा मागं परस असेल तर उंदरानं कुरतडलेली नळीही बघा.

मशीन अगदी नवं आहे आणि पहिल्याच दिवसापासून पाणी जात नाही? सिंकखालच्या पाइपला डिशवॉशरसाठी जे तोंड ठेवलेलं असतं ते कारखान्यातून प्लॅस्टिकच्या पडद्यानं बंद आलेलं असतं. तो पडदा कापून मग नळी जोडायची असते. घाईत ते राहतं.

आणि आता आपली मोरी. बऱ्याच घरांत सांडपाण्याची नळी सरळ जमिनीलगत मोरीत सोडून देतात. वॉशिंग मशीनचीही तशीच सोडतात ना, मग हिचीही. इथं उलटाच घोळ होतो. नळीचं तोंड मशीनच्या तळापेक्षा खाली गेलं की पाणी भरता भरता आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं, मशीन भरतच राहतं आणि शेवटी पाणी नाही म्हणून ओरडतं. म्हणजे बिघाड सांडपाण्याचा आणि खूण येणाऱ्या पाण्याची! नळी आधी वर चढवून मग खाली उतरवायची. किती वर, ते पुस्तिकेत असतं, बहुतेक मशीनना निदान ४० सेंटिमीटर लागतात. भिंतीला एक क्लिप ठोकली की काम झालं.

६. खाली पाणी, नाहीतर ई-१५

मशीनच्या पोटाखाली पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं तबक असतं आणि त्यात तरंगणारा एक थर्माकोलचा तुकडा. तबकात पाणी आलं की तो वर उचलला जातो आणि मशीन सगळं थांबवून फक्त पाणी उपसत राहतं. प्लग काढा, नळ बंद करा, दोघांनी मिळून मशीन हळूच मागं कलतं करा, पाणी वाहू द्या आणि कोरडं होऊ द्या. खूण गेली तर ठीक. पण पाणी आलं कुठून ते शोधल्याशिवाय थांबू नका, चार दिवसांनी पुन्हा येईल.

घरोघरी सापडणारं कारण म्हणजे फेस. डिशवॉशरची पावडर संपली म्हणून कुणीतरी भांडी घासायचं लिक्विड घालतं. पाच मिनिटांत फेस दाराच्या फटीतून बाहेर. तसं झालंच तर मशीन बंद करा, फेस आणि पाणी उपसा, आणि काही न घालता नुसत्या थंड पाण्याचं लहान चक्र दोन-तीनदा चालवा. नाहीतर दाराचं रबर बघा. त्याच्या खालच्या घडीत तूप आणि भाताची शितं बसतात. कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून घ्या. फाटलं असेल तर रबर मॉडेल नंबरावरच मागवा, बेळगावच्या उद्यमबागेतून कापून आणलेली साधी पट्टी टिकली नाही. गरम पाणी आणि पावडरीचा क्षार यांपुढं ती महिन्यात फुगली.

७. भांडी पांढरी दिसतात, खरकटी राहतात

बेळगावला येणारं राकसकोपचं पाणी मार्कंडेयेचं आणि हिडकलचं घटप्रभेचं, म्हणजे दोन्ही धरणात साठलेलं नदीचं पाणी. बोअरचं पाणी खडकातून मुरलेलं, क्षार घेऊन आलेलं. आपल्या टाकीत दोन्ही एकत्र येतात, आणि प्रमाण दर आठवड्याला बदलतं. त्यामुळं फेब्रुवारीत लावलेली कठीणपणाची, म्हणजे पाण्यात क्षार किती त्याची, सेटिंग मे महिन्यात चुकीची ठरते. बोअरचं पाणी एखादा दिवस जरी येत असेल तर कठीणपणा तपासायच्या पट्टीनं बोअरचंच पाणी तपासा आणि त्याप्रमाणं सेटिंग लावा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलेला आहे. माणसाला चालतं म्हणून मशीनला चालेल असं नाही.

ग्लास धुरकट झाला तर व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा. साफ झाला तर तो क्षार, मग मशीनमधलं मीठ आणि सेटिंग बघा. नाही झाला तर काचच झिजलीय, ती परत येत नाही.

पाणी मऊ करण्यासाठी मशीनमध्ये मिठाचा कप्पा असतो, त्यात डिशवॉशरचं खडेमीठच घालायचं. खाण्याच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीची भुकटी असते, ती आतला भाग चोंदवते. पहिल्या वेळी मात्र कप्पा आधी पाण्यानं भरायचा असतो, नंतर कधीच नाही. सांडलेलं मीठ पुसून लगेच एक चक्र चालवा, नाहीतर तेच खारं पाणी स्टीलला गंज लावतं.

खरकटं राहत असेल तर फवाऱ्याचे हात काढून कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर मोहरी आहे. भोकं टाचणीनं मोकळी करा आणि उलटं धरून पाण्यानं धुवा. मोठं ताट मध्ये येऊन हात अडत नाही ना, हेही फिरवून बघा. तीन-चार महिन्यांनी रिकाम्या मशीनमध्ये शंभर ग्रॅम लिंबूसत्व घालून गरम चक्र द्या, पावडर न घालता. ब्लीचिंग पावडरीजवळ तर ते नेऊही नका.

तांब्या-पितळेची भांडी, बिडाचा तवा, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणि लाकडी पोळपाट-लाटणं आत जात नाही. कुंद्याची, म्हणजे आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईची, कढई आधी भिजवून खरवडायची. मशीननं कुंदा सुटत नाही, मी तीनदा प्रयत्न केला आहे.

८. वीज आणि हीटर

सोळा अँपिअरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग, आणि वाटेत एक्स्टेन्शन बोर्ड नको. दार नीट लागलं नसेल तर मशीन मेल्यासारखं राहतं, ते आधी बघा.

मशीन सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी घराचा मेन ट्रिप होत असेल तर संशय हीटरवर घ्या. हीटर मध्येच लागतो म्हणून लगेच ट्रिप होत नाही. पुन्हा पुन्हा स्विच वर करू नका. पाणी गरमच होत नसेल, पावडरीऐवजी घातलेली टॅबलेट अर्धवट विरघळून राहत असेल आणि वॉरंटी संपलेली असेल, तर प्लग काढून हीटरच्या दोन टोकांचा रोध मोजता येतो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तुटला. विजेची गळती मात्र साध्या मल्टिमीटरवर नेहमी कळत नाही, त्याला इलेक्ट्रिशियनकडचं मेगर नावाचं मीटर लागतं. आजकालच्या बऱ्याच मशीनमध्ये हीटर पंपातच बसवलेला असतो, मग अख्खा पंप बदलावा लागतो. आमचा तोच बदलला.

वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा. बोर्ड जळला तर तो खर्च सगळ्यात मोठा. आणि मे महिन्यात गावी जाऊन आलात की पहिल्यांदा पंपाचं चाक बोटानं फिरवून मग मशीन लावा. सुकून चिकटलेलं असतं.

९. मेकॅनिकला फोन

'मशीन चालत नाही' असं सांगाल तर तो रिकाम्या हातानं येणार. मॉडेल नंबर, पडद्यावरची खूण, आवाज कुठं तुटतो आणि तुम्ही काय काय तपासलंत, एवढं सांगा. 'बादलीत मिनिटाला नऊ लिटर पडतं, जाळी धुतली, तरी पाणी भरताना आवाज येत नाही,' असं म्हटलं की पलीकडचा माणूस सरळ बसतो आणि व्हॉल्व्ह घेऊनच निघतो.

इकडं बरेचसे मेकॅनिक मराठी बोलतात. हुबळीहून आलेला एखादा नसेल बोलत, तर दोन वाक्यं पुरतात. पाणी येत नाही, 'नीर बरंगिल्ल री.' पाणी जात नाही, 'नीर होगंगिल्ल री.' आणि तो येण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन टाकी बघून या.